आधी तुम्ही बसा

जबलपूरच्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कुणाशी नवीन ओळख झाली आणि मी मुलांना घोड्यावर बसायला शिकवते असं सांगितलं, की समोरची बाई हमखास विचारायची, "म्हणजे कराटेसारखे क्लास?" हो, तसेच. फक्त तिथे मुलं लाथ मारायला शिकतात आणि आमच्याकडे लाथ चुकवायला.

सव्वीस वर्षं हे काम केलं. आता गुडघे म्हणतात पुरे, म्हणून गेल्या वर्षी थांबले. माझे वडील भंडाऱ्याहून कारखान्यातल्या नोकरीसाठी जबलपूरला आले. आमच्या घरात घोडा होता तो फक्त कॅलेंडरवर. कॉलेजात एनसीसीत नाव घातलं तेव्हा मुलींसाठी घोडदळाच्या तुकडीत दोन जागा रिकाम्या होत्या आणि रांगेत मी पुढे उभी होते, एवढंच. आई म्हणाली, "पोरीचे हातपाय मोडले तर लग्न कसं व्हायचं?" हातपाय शाबूत राहिले, लग्न राहून गेलं. पनागरच्या रस्त्यावर एका पेरूच्या बागेला लागून मोकळं शेत होतं, तिथे आम्ही वाळू टाकून रिंगण केलं. सहा घोडे, दोन तट्टं, फगनू भैया आणि मी.

फगनू भैया कुंडमकडचे. घोड्यांची सगळी देखभाल त्यांच्याकडे. माणसांशी दिवसाला दहा वाक्यं बोलत, घोड्यांशी हजार.

पालकांना वाटायचं, मूल घोड्यावर बसलं की घोडा पळेल आणि फोटो निघेल. एका वडिलांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "दीदी, ॲव्हरेज क्या देता है?" फगनू भैया गंभीरपणे म्हणाले, "चने पे निर्भर है, साहब."

आमच्याकडे पायऱ्या होत्या. पहिली पायरी जमिनीवरची. दोन आठवडे मुलानं घोड्याला खरारा करायचा, खुरातली माती काढायची, त्याला पाण्यावर न्यायचं. दुसरी पायरी घोड्याच्या पाठीवर, पण लगाम हातात नाही. लांब दोरी माझ्या हातात, घोडा माझ्याभोवती गोल चालतो आणि मूल हात पसरून तोल शिकतं. तिसरी दुडकी चाल. यात घोडा दोन ठोक्यांत उडत चालतो; बसणाऱ्यानं त्याच्याबरोबर उठबस करायची, नाहीतर दातावर दात आपटतात. चौथी कँटर. दुडकी आणि भरधाव यांच्या मधली ही चाल तीन ठोक्यांची असते, झोक्यासारखी. मुलं हिच्यासाठीच येतात आणि हिलाच घाबरतात. पायरी कुणी सोडायची नाही. आयएएसचा मुलगा असो की माझा भाचा, वरच्या पायरीवर कधी जायचं ते मी ठरवणार. या नियमाचा मला फार अभिमान होता.

आता जे सांगायचं आहे ते मी मंडळात कधी सांगितलेलं नाही.

गढ्यातल्या एका घोडीवाल्यानं धंदा बंद केला तेव्हा त्याची पांढरी घोडी आमच्याकडे आली. बिजली तिचं नाव. फटाके, गर्दी, किंचाळणारी पोरं, कशाचंच तिला काही वाटत नसे. मुलांना शिकवायला याहून चांगला प्राणी कुठला? त्या वर्षीच्या वार्षिक कार्यक्रमात पालक खुर्च्यांवर बसलेले, आणि मी बिजलीवर बसून कँटर दाखवत होते. तेवढ्यात रस्त्यावरून वरात आली. इथली लग्नं रात्रीची, पण ती वरात आपल्या मराठी माणसांची होती, म्हणून भर दुपारी. बँडनं गाणं सुरू केलं आणि बिजली होती तिथे थांबली. कान टवकारले. मग मागच्या दोन पायांवर उभी राहून झकास नाचायला लागली, जसं घोडीवाल्यानं तिला वरातींसाठी दहा वर्षं शिकवलं होतं. मी मात्र थांबले नव्हते. मी तिच्या कानांवरून पुढे गेले.

पालकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हा कार्यक्रमातलाच भाग आहे.

गळ्याखालचं हाड मोडलं होतं. ते दोन महिन्यांत जुळलं. बिजलीला सिहोऱ्याच्या एका घोडीवाल्यानं आनंदानं नेलं. लोक मला तो किस्सा पुन्हा पुन्हा सांगायला लावत आणि मी रंगवून सांगे. फगनू भैयांनी माझ्या तोंडावर पाणी मारलं तिथपर्यंत सगळं. एक गोष्ट सांगितली नाही. परत घोड्यावर बसले त्या सकाळी चाल ठीक झाली, दुडकी ठीक झाली. कँटरसाठी टाच लावायची वेळ आली आणि माझा पाय हललाच नाही. छातीत कुणीतरी मूठ आवळून बसलं होतं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी घोड्यावर बसलेच नाही.

ज्या पडण्यावर सगळं गाव हसतं, त्याची भीती वाटते असं कुणाला सांगणार?

मग मी लपवायला शिकले, आणि त्यात हुशार निघाले. कधी गुडघा दुखायचा, कधी घोड्याला विश्रांती हवी असायची. कँटर दाखवायची वेळ आली की म्हणायचे, "आज मोठी मुलं दाखवतील, त्यांना सवय व्हायला हवी." पालक कौतुक करायचे, "दीदी बच्चों को कितना मौका देती हैं!" मी मान हलवून ते कौतुक घ्यायचे. चार वर्षं घेतलं.

फगनू भैयांना ठाऊक होतं. रोज सकाळी ते मास्टरजीवर खोगीर चढवायचे. मास्टरजी म्हणजे आमचा सर्वांत वयस्कर, बदामी रंगाचा घोडा; अर्ध्या जबलपुरातली मुलं त्याच्या पाठीवर शिकली. खोगीर चढवून रिकिबी माझ्या पायांच्या मापाला लावायचे आणि त्याला कठड्याशी उभं करायचे. अर्ध्या तासानं मी काहीतरी कारण सांगून तिसरीकडेच गेलेली असायचे. मग ते खोगीर उतरवायचे. चार वर्षांत एकदाही बोलले नाहीत.

या काळातलीच तन्वी. आई सरकारी शाळेत शिक्षिका, वडील विजेच्या खात्यात. दहा वर्षांची असताना आली. मराठी तिला समजायचं सगळं, बोलताना मात्र अर्ध्यातून हिंदीत शिरायची. पहिल्या दिवशी तिनं बताशा नावाच्या तट्टाला खरारा करता करता विचारलं, "दीदी, हा मला ओळखून राहिला का?" मी म्हटलं, "अजून नाही." तर म्हणाली, "ठीक है, मैं रुकती हूँ." आणि खरंच तासभर थांबली. असं मूल दहा वर्षांत एखादंच येतं. चौदाव्या वर्षी ती कँटर अशी करायची की मी माझ्या सूचना विसरायचे.

एकदा हिवाळ्यात, मटारचा हंगाम होता, ट्रॅक्टर-ट्रॉल्या पनागरकडून भरभरून चालल्या होत्या. एका ट्रॅक्टरनं फाटकन आवाज केला, तन्वीचा घोडा बाजूला उडाला आणि ती वाळूत पडली. मनगट मुरगळलं, बाकी काही नाही. तीन आठवड्यांनी परत आली. खरारा केला, खोगीर चढवलं, रिकिबीत पाय ठेवला. पाय काढला. पुन्हा ठेवला, पुन्हा काढला.

मी गेले आणि माझं नेहमीचं भाषण दिलं. पडल्याशिवाय कुणी शिकत नाही. पडलं की लगेच बसायचं, नाहीतर भीती घर करते. मी किती वेळा पडले, मोजदाद नाही.

तन्वीनं ऐकून घेतलं. मग तिनं मान वर केली.

"दीदी, मग तुम्ही काहून नाही बसत?"

"म्हणजे?"

"मी चार वर्षांपासून येऊन राहिली. तुम्हाला कँटर करताना मी एकदा पण नाही पाहिलं. एक बार भी नहीं."

तिचा स्वर उद्धट नव्हता. खरं विचारत होती. रिंगणात आणखी आठ मुलं होती आणि आठांच्या आठ माना माझ्याकडे वळल्या.

त्या वेळी मी काय बोलले ते आठवलं की आजही तोंड कडू होतं. मी म्हणाले, "माझी परीक्षा घ्यायला आलीस का? भित्र्या मुलांसाठी इथे जागा नाही. बसायचं नसेल तर उद्यापासून येऊ नको."

तिनं खोगीर उतरवलं. घोड्याची पाठ पुसली, त्याला तबेल्यात बांधलं, हेल्मेट खुंटीला टांगलं. सगळं नीट, मी शिकवलं होतं तसं. आणि गेली.

आठ दिवस आली नाही. त्या आठ दिवसांत मला एक वेगळाच मुलगा आठवत राहिला. दोन वर्षांपूर्वीचा, नऊ-दहा वर्षांचा, तिसऱ्या पायरीवर अडकलेला. त्याच्या आईला मी सांगितलं होतं, "याच्यात ती हिंमत नाही, याला क्रिकेटला घाला." त्या बाईंनी मुलाकडे पाहिलं होतं आणि मुलानं जमिनीकडे. त्यांची बदली झाली, पुढे पत्ता लागला नाही. त्या मुलाची माफी मागायची राहिली ती राहिलीच.

नवव्या दिवशी मी तन्वीच्या घरी गेले. तिच्या आईनं, वैशालीताईंनी, दार उघडलं. चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, "दीदी, ती काही सांगत नाही हो. विचारलं की म्हणते, मन नाही. तुम्ही तरी समजवा."

"मी समजवायला नाही आली," मी म्हटलं. "मला तिला काहीतरी सांगायचं आहे."

तन्वी खोलीत पुस्तक उघडून बसली होती. मी पलंगाच्या कडेवर बसले आणि सगळं सांगितलं. बिजली, वरात, बँड, माझं कानांवरून जाणं, टाळ्या. ती आधी ओठ दाबून ऐकत होती. टाळ्यांपाशी तिचा बांध फुटला. उशीत तोंड खुपसून हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मीही हसले.

मग ती एकदम थांबली. "आणि मग?"

"मग काय. तेव्हापासून भीती वाटते."

"अभी भी?"

"आता पण."

"तुम्हाला?"

"मला. त्या दिवशी भित्री तू नव्हती. मी होती. मी खोटं बोलली, आणि वरून तुलाच रागावली. चुकलं माझं."

चौदा वर्षांच्या मुलीशी एवढं सरळ कुणी मोठं माणूस बोललेलं नसतं. तिनं नखानं पुस्तकाचा कोपरा कुरतडला. मग म्हणाली, "मी येईन. पण आधी तुम्ही बसा."

"बरं."

"असं नाही. पहिल्या पायरीपासून. तुम्हीच म्हणता ना, पायरी कुणी सोडायची नाही. तुमची एक पायरी झाली की मग माझी एक."

मी तोवर बऱ्याच पालकांना या नियमावरून गप्प केलं होतं. त्या दिवशी तोच नियम माझ्यावर उलटला.

दुसऱ्या दिवसापासून क्लासच्या आधी, सकाळी सातला, आम्ही दोघी रिंगणात. वैशालीताई तिला स्कूटीवरून सोडायच्या आणि गाडीवर बसूनच पेपर तपासायच्या. धुकं एवढं असायचं की पलीकडचे पेरू दिसत नसत. फगनू भैयांनी मास्टरजीला रोजच्यासारखं तयार ठेवलेलं. तन्वीनं खोगीर काढायला लावलं.

"पहिली पायरी जमिनीवर," ती म्हणाली. "खरारा करा."

फगनू भैयांनी खोगीर काढलं आणि माझ्या हातात खराऱ्याचा ब्रश दिला. तोंड फिरवून हसले असावेत, कारण खांदे हलले.

दोन आठवड्यांची पायरी तन्वीनं माझ्यासाठी दोन दिवसांवर आणली; ते दोन दिवस मी मास्टरजीला घासलं. कित्येक वर्षांत मी एखाद्या घोड्याला असा सावकाश हात लावला नव्हता. सूचना देण्यातच वेळ जायचा. त्याच्या उजव्या खांद्यावर एक जुना वळ होता, तो मला माहीतच नव्हता. तिसऱ्या दिवशी दोरी तन्वीच्या हातात आणि मी वर, हात पसरून, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी. त्या दिवशी धुकं विरळ होतं; मटारच्या ट्रॉलीवर बसलेले मजूर ट्रॉली थांबवून पाहायला लागले.

"नजर समोर!" तन्वी ओरडली. "घोड्याचे कान मोजू नका! टाच खाली! कितनी बार बोलूँ?"

शब्द न् शब्द माझा होता. आणि मला कळलं की मी किती त्रासदायक बाई आहे. "अंग ढिलं सोडा," हे वाक्य मी आयुष्यात लाखभर वेळा म्हटलं असेल. ते ऐकून जगात कुणाचंही अंग ढिलं पडत नाही. उलट जास्त ताठ होतं. हे मला घोड्यावर बसून, चौदा वर्षांच्या मुलीकडून ऐकून घेताना कळलं.

माझं झालं की तन्वीची पाळी. तीही खरारा, दोरी, हात पसरणं, सगळं पुन्हा. दोरी माझ्या हातात असायची आणि मी तिला "ढिलं सोड" म्हणायचं टाळायचे. दुडकीपर्यंत आम्ही दोघी पोचलो. रोज ती मला विचारायची, "आज कितनी लगी?" म्हणजे भीती किती वाटली. मी खरं सांगायचे. मग मी तिला विचारायचे, तीही खरं सांगायची. कधी माझी जास्त असायची, कधी तिची.

कँटरची सकाळ आली. पहिल्या दिवशी माझा पाय हलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मास्टरजीनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं, जणू विचारतो आहे, बाई, वरच आहात ना? तिसऱ्या दिवशी मी टाच उचलली आणि पुन्हा ती मूठ छातीत आवळली. श्वास अडकला.

तन्वी रिंगणाच्या मधोमध उभी होती. "दीदी, भीती वाटून राहिली का?"

मी मान हलवली.

"मान नका हलवू. मोठ्यानं बोला."

"वाटून राहिली."

"सुनाई नहीं दिया!"

मी ओरडले, "मला भीती वाटून राहिली आहे!"

"और जोर से!"

"मला! भीती! वाटून राहिली आहे!"

धुक्यातून कुठूनतरी कुत्रं भुंकायला लागलं. वैशालीताई पेपर खाली ठेवून उभ्या राहिल्या. पण ओरडायचं म्हणजे श्वास सोडावा लागतो आणि श्वास सुटला की अंग सुटतं. एवढी साधी गोष्ट मला इतक्या वर्षांत कुणी शिकवली नव्हती आणि मीही कुणाला शिकवली नव्हती. टाच कधी लागली ते कळलंच नाही. मास्टरजीनं मान खाली घेतली, पाठ उचलली, आणि ते तीन ठोके सुरू झाले. एक दोन तीन, एक दोन तीन. मी एका हातानं त्याची आयाळ घट्ट धरली होती आणि ओरडणं थांबवलं नव्हतं. पहिलं अर्धं रिंगण तेच वाक्य ओरडले. उरलेल्या अर्ध्यात हळूहळू शब्द गेले आणि नुसता आवाज राहिला. एक फेरी. दुसरी फेरी. आयाळ सुटली. मी थांबले तेव्हा मास्टरजीच्या नाकपुड्यांतून वाफा निघत होत्या आणि माझ्याही.

मला वाटलं, आता ही धावत येईल, मिठी मारेल. मी उतरायला पाय रिकिबीतून काढला.

"उतरू नका," तन्वी म्हणाली. "हे डावीकडून झालं. आता उजवीकडून."

घोड्याला दोन्ही बाजूंनी सारखं चालवावं लागतं, नाहीतर तो एकाच अंगानं शिकतो. बरोबरच होतं तिचं. मी उजवीकडूनही केलं. तिकडून वाईट झालं, पण झालं. मग उतरले. फगनू भैयांनी पुढे होऊन लगाम धरला. "रकाब ठीक थी?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "बिलकुल ठीक थी, भैया." त्यांनी मान डोलावली आणि रिकिबी तन्वीच्या मापाला आखूड करायला घेतल्या.

तन्वी जवळ आली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. आता तिची पाळी होती आणि पळवाट राहिली नव्हती. तिनं मास्टरजीच्या मानेवर हात ठेवला, रिकिबीत पाय ठेवला, आणि या वेळी तो काढला नाही.

वर बसून तिनं मोठ्यानं, फाटक्या आवाजात सांगितलं की तिला भीती वाटून राहिली आहे. दोनदा सांगितलं. मग टाच लावली.

सुंदर वगैरे काही नव्हतं ते. कोपरं पंखांसारखी हलत होती, टाचा वर गेल्या होत्या, एका वळणावर रिकीब सुटली आणि तिनं ती पायानं चाचपडत शोधली. पूर्वी मी प्रत्येक पावलाला ओरडले असते. तिनं फेरी पुरी केली, दुसरी केली, उजवीकडूनही केली. मास्टरजी माझ्यापाशी येऊन उभा राहिला. तन्वी धापा टाकत होती, हेल्मेट एका कानावर आलं होतं.

"दीदी," ती म्हणाली, "तुम्ही काही बोलल्या काहून नाही? काही चुकलं नाही का?"

"खूप चुकलं," मी म्हटलं.

"मग?"

"पाहून राहिली होती."